मेणाचा पाय, डावा की उजवा?

पोर्तुगालमधल्या फातिमा या तीर्थक्षेत्री एका दुकानात नवसाचे मेणाचे पाय टोपलीत रचून ठेवले होते. शेजारच्या टोपल्यांत हात, कान, स्तन, तान्ही बाळं. आमच्या म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीच्या, म्हणजे मदर मेरीच्या, फेस्ताला मिळतात तशीच. मी एक पाय उचलला आणि शामायला व्हिडिओ कॉल लावला.

"डावा की उजवा?" तिने पहिलं हेच विचारलं.

मी अंगठा कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं. "उजवा."

"मग ठेव तो. दुखतो तो डावा."

शामाय म्हणजे माझ्या आईची आई. बाबा दोडामार्गचे, त्यामुळे आमच्या घरात मराठी. शामाय आमच्याकडे राहायला आल्यापासून तीही मराठीच बोलते, देवाशी मात्र कोकणीत. मी लिस्बनला पोचले तीही तिच्यामुळेच. तिचा जन्म 1961 च्या आधीचा, म्हणजे पोर्तुगीज गोव्यातला. तिच्या जन्मदाखल्यावर आधी आईचे पोर्तुगीज नागरिकत्वाचे कागद झाले, मग माझे. त्यामुळे "एकदा फातिमाला जाऊन ये" हे तिचं सांगणं टाळायला मला तोंडच नव्हतं. लिस्बनहून बसने दीड तास. तरी मी दोन वर्षं लावली.

मी नऊ वर्षांची असताना मला टायफॉइड झाला होता. पहिल्या दवाखान्यात साधा ताप म्हणून आठवडा घालवला, मग धावाधाव. तेव्हाची एक गोष्ट अजून डोळ्यांपुढे आहे. शामाय गोळी पाकिटातून काढायची, मुठीत धरायची, डोळे मिटून ओठ हलवायची आणि मगच माझ्या जिभेवर ठेवायची. गोळी कोमट झालेली असायची, वरचं आवरण थोडं विरघळून तिच्या तळव्याला लागलेलं. आई वैतागायची. शामायचं म्हणणं एवढंच: डॉक्टरच्या हाताला गुण आहे हे तुम्हीच म्हणता ना, मग तो गुण हातात कोण घालतो?

मी बरी झाल्यावर ती नवस फेडायला मिलाग्रिसच्या फेस्ताला गेली. हे फेस्त ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी सोमवारी येतं. बरोबर दोडामार्गची आजीही होती, पिशवीत तेलाची बाटली घेऊन. आजीच्या लेखी मिलाग्रिस म्हणजे शिरगावच्या लईराई देवीची बहीण. बहिणीकडे जायला कुणाची परवानगी कशाला? उन्हात दोघी एकाच रांगेत, एकीच्या हातात मेणबत्ती, दुसरीच्या हातात तेल, आणि तोंडाने मी किती हट्टी आहे याची तक्रार. मला बरं कुणी केलं यावरून त्यांचा वाद झालेला मी कधी ऐकला नाही. (माशाच्या कालवणात त्रिफळं किती, यावरून मात्र व्हायचा.)

शामायचा विश्वास भोळा आहे असं समजू नका. एकदा शेजारीण तिला कुठल्याशा प्रार्थनासभेला घेऊन गेली. तिथे कुणीतरी सांगितलं की खरा विश्वास असेल तर गोळ्या बंद करा. शामाय मधेच उठून घरी आली, ब्लडप्रेशरची गोळी घेतली आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही. "देवाला अटी घालतात मेले," एवढंच म्हणाली.

फातिमाला मला ती सारखी आठवत राहिली. 1917 च्या मे महिन्यात ज्या तीन गुराखी मुलांना सायबीण दिसली असं मानतात, त्यातला फ्रान्सिस्को दोन वर्षांच्या आत गेला, जासिंता 1920 साली लिस्बनच्या इस्पितळात. दोघांनाही फ्लूच्या साथीने गाठलं होतं. कॉलेजात असताना मी हे शामायला ऐकवलं होतं, जरा खवचटपणेच: प्रत्यक्ष बघणारी पोरंसुद्धा बरी झाली नाहीत! ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "तिने त्यांना बरं करते म्हटलंच नव्हतं. न्यायला येते म्हटलं होतं." आणि शेंगा सोलत राहिली.

इथल्या सायबिणीच्या मुकुटात एक बंदुकीची गोळी बसवलेली आहे. 13 मे 1981 ला पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर झाडलेल्यांपैकी. सायबिणीनेच वाचवलं असं ते मानत. त्या दिवशी त्यांच्यावर पाच तासांहून जास्त शस्त्रक्रियाही झाली. शामायला हे भारी आवडतं. पोपलाही टाके पडले ना!

मोठ्या आवारात एक गुळगुळीत पट्टा आहे, त्यावरून माणसं गुडघ्यांवर चालत दर्शनाच्या चॅपलपर्यंत जातात. एक बाई नी-पॅड बांधून चालली होती, नवरा शेजारून पाण्याची बाटली घेऊन. फोन चालूच होता, मी कॅमेरा तिकडे फिरवला.

"तू नको हं करू," शामाय घाईघाईने म्हणाली. "घरात एक खराब गुडघा पुरे."

डावा पाय शेवटी दुसऱ्या दुकानात मिळाला. चॅपलजवळ मेणबत्त्या जाळायची जागा आहे. आच इतकी, की मेणबत्त्या उभ्या राहतच नाहीत, कमरेत वाकतात. मी हात लांब करून पाय आत टाकला. आधी अंगठा गेला, मग टाच. गुडघा बराच वेळ तसाच होता. शामाय फोनवर एक शब्द न बोलता बघत होती.

मग म्हणाली, "गुरुवारी डॉक्टरकडे जायचंय. गुडघ्यात इंजेक्शन देणार म्हणतात."

"बरं."

"आईला विचारून ठेवायला सांग. ते आधी मुठीत धरायला देतील का?"