वास येत नाही, मग बरंच की!

कचऱ्याची गाडी शेजारून गेली की हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. परवा तुम्हीही विचारलंत, "एका अर्थी सुटलातच ना?" म्हणून एकदा नीट सांगते.

एप्रिल 2021 मध्ये कोविडमध्ये वास गेला तो गेलाच. विषाणू मुख्यतः वास टिपणाऱ्या पेशींना नाही, त्यांना आधार देणाऱ्या पेशींना धरतो, म्हणून बहुतेकांचा वास परत येतो, असं डॉक्टर म्हणाले होते. जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये मांडलेला सरावही केला. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, रोज दोनदा हुंगायचं. निलगिरी नाकात झोंबली की मी हुरळून जायची. ते झोंबणं निराळ्या नसेचं, वास नव्हे.

जेवणाचं विचारूच नका. गोड, आंबट, खारट, कडू कळतं. आमटी आणि सांबार यांतला फरक कळत नाही.

2022 च्या पावसाळ्यात आई अंथरुणाला खिळली. तिचं सगळं मीच करायची. एक दिवस मावशी आली आणि खोलीच्या दारातच तिने पदर नाकाला लावला. "अगं, कसला वास हा?" मी म्हटलं, फिनेलचा असेल. मावशीने आईला कुशीवर वळवलं. गाऊन पाठीला चिकटला होता. माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम, कडा काळपट, चादरीवर पिवळा डाग. आई हळूच म्हणाली, "तिला नको बोलूस. तिला वास येत नाही." म्हणजे आईला येत होता. चार दिवस येत होता, आणि मला वाईट वाटेल म्हणून ती गप्प होती.

पडून पडून अशी जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते. मी बदलायची. दिवसा. रात्री अकरानंतर नाही. सकाळी मला नोकरीवर जायचं असे.

नाक शाबूत असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत होते. पण डोळे तर होते ना? अंग पुसताना कंबरेखाली मी नजर वळवायची, आईला संकोच व्हायचा म्हणून. मलाही व्हायचा. कधी वाटतं दोष नाकाचा, कधी वाटतं माझाच.

जखम भरायला अडीच महिने लागले. ड्रेसिंग करताना रोज विचारायची, "आई, वास येतोय का गं?" ती मानेनेच नाही म्हणायची. माझा विश्वास बसायचा नाही. मग शेजारच्या काकूंना हाक मारायची.