अमावास्येचा फो

कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या स्टोरी रोडवरच्या त्या व्हिएतनामी हॉटेलात फोच्या, म्हणजे शेवयांच्या सुपाच्या, वाडग्यांच्या आधी पाल्याची ताटली आली. मोडाचे मूग, लिंबाच्या फोडी, मिरचीच्या चकत्या आणि जांभळ्या देठांच्या डहाळ्या. आईनं एक पान चुरगाळून हुंगलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की ते मीच कुणाच्या तरी तुळशीवृंदावनातून खुडून आणलंय.

"नैवेद्यावर ठेवायची वस्तू गं ही. सुपात कसली टाकतेस?"

तुळस नव्हे, सब्जा. उन्हाळ्यात ज्याचं बी भिजवून सरबतात घालतो, त्याचीच ही पानं. हे सांगितल्यावर तिचं निम्मं समाधान झालं. उरलेलं निम्मं तिचं तिनंच करून घेतलं. हॉटेल खच्चून भरलेलं होतं, वारही मधलाच. तिनं मोबाइलवर पंचांग उघडलं आणि म्हणाली, "अगं, आज अमावास्या!"

बरोबर होतं तिचं. बौद्ध व्हिएतनामी घरांतून चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी सामिष खात नाहीत, म्हणजे ढोबळमानानं आपली अमावास्या आणि पौर्णिमा. कडक पाळणारे कांदा-लसूणही वर्ज्य करतात. अशा दिवशी 'चाय' (व्हिएतनामीत शाकाहारी) पाटीच्या हॉटेलांत ही गर्दी. मुळा, गाजर, मशरूम तासन्‌तास उकळून काढलेलं पाणी, त्यात तांदळाच्या शेवया. चातुर्मासात कांदा-लसूण बंद करणाऱ्या आईला हे लोक एकदम घरचे वाटायला लागले. फक्त शेजारच्या टेबलावर कोळंबी आली तेव्हा ती दचकली. ती कंदाच्या पिठाची आहे, वरच्या लाल रेघाही रंगवलेल्या आहेत, हे सांगितल्यावर तर जास्तच नाराज झाली. पाळायचं तर नीट पाळावं, कोळंबीचं सोंग कशाला?

दाराशी लाल देव्हारा होता. थान ताय आणि ओंग दिया, धनाचा देव आणि जागेचा देव. दोघेही जमिनीवरच बसलेले, तोंड दाराकडे. पुढे संत्री, उदबत्ती आणि कपभर कॉफी. देव जमिनीवर बसवलेले आईला पटले नाहीत, कॉफी मात्र पटली.

माझे स्वतःचे काही हट्ट आहेत. बिल आपणहून टेबलावर आणून दिलं की त्या फोच्या हॉटेलावरचा माझा विश्वास जरा उडतो. आपण उठावं, गल्ल्यापाशी जाऊन टेबल दाखवावं, तिथल्या बाईनं न बघताच आकडा सांगावा, आणि पैसे रोख द्यावेत. चमचे आणि जेवायच्या काड्या टेबलावरच्या डब्यात हव्यात. पदार्थ नावानं नाही, नंबरानं मागवावा. वाढणाऱ्यानं हसून चौकशी केलेली मला चालत नाही. हसायला वेळ आहे म्हणजे आत गिऱ्हाईक नाही.

आणि उसाचा रस हवा. तोही मिळतो स्टोरी रोडला, चरकातून काढलेला. आपण लिंबू-आलं पिळतो, हे बारकी आंबट संत्री सालासकट उसाबरोबर घालतात. पहिल्या घोटाला मी थेट सासवड रस्त्यावर पोचते. आजोळी जाताना एसटी थांबायची, खिडकीतून चरकाचे घुंगरू ऐकू यायचे, आणि आजोबा खाली उतरायचे ते थेट ग्लास घेऊनच वर. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. आजोबा त्यालाही एक ग्लास द्यायचे, मग हॉर्न बंद. त्या रसवंतीचं नाव अर्थातच 'कानिफनाथ'. नाशिकला जा, सोलापूरला जा, पाटी तीच. फार तर 'नवनाथ'. पुरंदर तालुक्यातली, बोपगावाकडची माणसं चरक घेऊन महाराष्ट्रभर गेली आणि गडावरचा नाथ सोबत घेऊन गेली.

इथल्या पाट्यांवर मात्र आकडे असतात. फो अमुक, फो तमुक. काही शुभ अंक असतात, पण बरीचशी सालं. ५४ म्हणजे १९५४: जिनिव्हात व्हिएतनामचे दोन तुकडे ठरले आणि उत्तरेतून लाखो माणसं दक्षिणेत आली. फो मुळात उत्तरेचा. त्यात मोड आणि सब्जाचा पाला घालण्याची चैन दक्षिणेची. व्हर्जिनियात आर्लिंग्टनला 'फो ७५' आहे. ३० एप्रिल १९७५ला दक्षिणेची राजधानी सायगाव उत्तरेच्या हाती पडली. मग माणसं बोटींतून निघाली, मलेशियातल्या पुलाऊ बिडाँगसारख्या बेटांवरच्या छावण्यांत महिनोन्‌महिने राहिली, त्यातली काही या सिलिकॉन व्हॅलीच्या खोऱ्यात येऊन इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत बोर्ड जोडायला लागली. आज या एका शहरात लाखाच्या वर व्हिएतनामी राहतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले बरेच नंतर उगवलो.

आमच्यापैकी कुणी इथे वडापावची गाडी टाकली तर पाटीवर कुठलं साल घालणार? व्हिसा लागला ते? त्या साली आमचं काहीच गेलं नाही. विमानतळावर पोचवायला गाड्या भरून माणसं आली होती. पुण्यातला सहकारनगरचा फ्लॅट आहे तिथेच आहे, भाड्यानं दिलाय.