सोमवार ते शुक्रवारपुरतं घर

नोकरी महागड्या शहरात आणि आमचं घर तिथून अडीच तासांवर. घर हलवणं शक्य नव्हतं. नवऱ्याचं काम आणि मुलीची शाळा दोन्ही इकडेच. रोज जाऊन-येऊन पाच तास प्रवासात जायचे आणि घरी पोचेपर्यंत मुलगी झोपलेली असायची. शेवटी ठरवलं, सोमवारी सकाळी निघायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी परतायचं. मधल्या चार रात्रींची सोय तेवढी करायची.

माझ्यासारखी गरज असलेल्याने सर्वांत आधी एक हिशेब मांडावा. आठवड्याला ४ रात्री म्हणजे महिन्याला सरासरी १७ रात्री. त्यामुळे भाडं ३० ने नाही, १७ ने भागायचं, आणि त्याआधी त्यात वीज, इंटरनेट, स्टेशनपासूनचा प्रवास असं सगळं मिळवायचं. रजा आणि सणाच्या सुट्ट्या धरल्या की वापरातल्या रात्री आणखी कमी होतात. छोट्या स्वतंत्र घराची अशी दर रात्रीची किंमत काढली, तर ती साध्या हॉटेलच्या जवळपास जात होती. मग हॉटेलच का नको? तर दर आठवड्याला सगळं सामान वाहून न्यायचं आणि शहरात एखादं मोठं प्रदर्शन असलं की दर चढलेले, खोल्याही भरलेल्या. उरला एकच मार्ग, कुणाच्या तरी राहत्या घरातली खोली.

एजंटांचा इथे उपयोग होत नाही. त्यांच्याकडची घरं पूर्ण महिन्याची असतात, आणि ‘मी शनिवार-रविवार नसेन, थोडं कमी करा’ म्हटलं तर मालकाला त्यात काहीच फायदा दिसत नाही. रिकामी असली तरी खोली माझ्याच नावावर अडकलेली! हे लक्षात आल्यावर मी शोधच उलटा केला. आपल्याला कुठली खोली परवडेल यापेक्षा, शनिवार-रविवारी खोली मोकळी हवी असणारं कोण आहे? बाहेरगावी नोकरी करणारा आणि सुट्टीला आपल्या घरी येणारा माणूस. सुट्टीला मुलं-नातवंडं येतात असे आजी-आजोबा. यांना पूर्णवेळ भाडेकरू ठेवताच येत नाही, म्हणून त्यांची खोली बाजारात कधी येतच नाही.

ऑफिसातल्या सगळ्यांना मी एकच निरोप पाठवला: ‘सोमवार ते गुरुवार रात्री राहण्यासाठी खोली हवी. शनिवार-रविवार खोली पूर्ण तुमची.’ काम केलं ते दुसऱ्या वाक्याने. एका सहकाऱ्याच्या ओळखीच्या काकू एकट्या राहत होत्या. मुलगा, सून, नातवंडं शनिवारी यायची. ‘तू खरंच जाशील ना गं शुक्रवारी?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. माझं नसणं त्यांना हवं होतं, त्यामुळे भाड्याची बोलणी अगदी सोपी झाली.

मधल्या काळात एक स्वस्त जाहिरातही दिसली होती. मालक परदेशात, आधी अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल. घर आतून न बघता कुणालाही एक पैसा देऊ नये. मी तो विषय तिथेच सोडला.

काकूंची खोली मी मुद्दाम कामाच्या दिवशी, रात्री जाऊन पाहिली. रस्त्याचा आवाज, शेजारचा टीव्ही, नळाला येणारं पाणी, स्टेशनपासून एकटीने चालत यायचा रस्ता, हे रविवारी दुपारी कळत नाही. घर त्यांच्याच मालकीचं होतं, त्याची कागदपत्रं त्यांनी आपण होऊन दाखवली. त्या स्वतः भाड्याने राहत असत्या, तर मी मूळ मालकाची लेखी परवानगी मागितली असती. पोटभाडेकरू म्हणून परवानगीशिवाय राहिलं की एक दिवस दोघांनाही घर सोडावं लागू शकतं.

खरी चर्चा झाली ती कागदावर काय लिहायचं याची, आणि त्यात संपूर्ण संध्याकाळ गेली. माझं सामान कुठे राहणार? एक कुलपाचं कपाट, बाकी खोली शुक्रवारी सकाळी रिकामी. पांघरुणं, उशा कुणाच्या? माझ्या वेगळ्या, त्याच कपाटात. शुक्रवारी गाडी रद्द झाली तर? बैठकीच्या खोलीत झोपायचं. स्वयंपाकघर किती वाजेपर्यंत वापरायचं, पाहुणे चालतील का, सोडायचं झालं तर किती आधी सांगायचं, अनामत कधी परत मिळणार, हेही लिहिलं. खोलीचे फोटो काढून दोघींनी आपापल्याकडे ठेवले. काकूंना एवढं लिहिणं आधी परकं वाटलं. पण ओळखीतल्या व्यवहारातच हे जास्त लागतं, असं माझं ठाम मत आहे, कारण तिथे मागाहून बोलायला जीभ रेटत नाही.

भाडं दर रात्रीचं ठेवण्याऐवजी महिन्याचं ठरावीक ठेवलं. त्यांना नियमित रक्कम मिळते आणि मला रात्री मोजत बसावं लागत नाही. अपवाद फक्त शाळेच्या मोठ्या सुट्टीचा. तेव्हा नातवंडं मधल्या वारीही राहायला येतात, म्हणून त्या आठवड्यांचं भाडं कापायचं असं करारातच आहे, आणि तेवढ्या दिवसांसाठी मी हॉटेलची खोली आधीच धरून ठेवते.