आधी डावीकडे

30 जूनची दुपार. क्योतोमध्ये पाऊस नुकताच थांबला होता, झाडं अजून निथळत होती. कामिगामो देवळात गवताचं भलंथोरलं कडं उभारलेलं. माणूस ताठ मानेने आत शिरेल एवढं. त्यातून तीनदा जायचं. आधी डावीकडून वळसा, मग उजवीकडून, पुन्हा डावीकडून. अर्ध्या वर्षाचा मळ तिथे सुटतो म्हणे. उरलेल्या अर्ध्याची सोय 31 डिसेंबरला.

माझे पाय पहिल्याच वळणाला अडले. देव आपल्या उजव्या हाताला हवा, हे अंगात मुरलेलं. मागचे आजोबा थांबले, किंचित वाकले, काही बोलले नाहीत. तेवढ्यात आठवलं, शंकराच्या देवळात आजी पन्हळीपाशी पोचली की मागे फिरायची आणि उलटी चालत यायची. मी एकदा उडी मारून पन्हळ ओलांडली होती, तर भर देवळात धपाटा. मग पायांना सांगितलं, बाबांनो, हे शंकराचंच समजा. गेले निमूट.

पुढे कागदी बाहुल्या. पांढऱ्या, माणसाच्या आकाराच्या, हातपाय नसल्यातच जमा. नाव, वय लिहायचं, बाहुली अंगावरून फिरवायची, फुंकर मारायची. अगदी मीठमोहऱ्याच! फक्त चुलीतला तडतडाट नाही आणि मिरच्यांचा ठसका नाही. ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती, असं आमच्याकडचं शास्त्र. इथे पडताळा कशावरून घेतात, हे विचारण्याइतकं माझं जपानी चांगलं नाही.

माझी झाल्यावर एक आईसाठी घेतली. तिच्या आडनावात ळ आहे आणि जपानी लिपीत ळ नाही, ल सुद्धा नाही. र वर भागवलं. ती गुडघे धरून पुण्यात बसलेली, म्हणून बाहुली माझ्याच गुडघ्यांवरून फिरवली. फुंकरही माझीच.

येताना मिनाझुकी घेतली. तांदळाच्या पिठाची पांढरी त्रिकोणी वडी, वर गोड लाल चवळीसारखे दाणे. बर्फाच्या तुकड्याची नक्कल आहे ती. पूर्वी उन्हाळ्यात बर्फ फक्त दरबारी लोकांना मिळायचा. मला ती उकडीच्या मोदकाच्या पारीसारखी लागली, सारण बाहेर पडलेल्या.

रात्री बाहुल्या ओढ्यात सोडतात. शेकोट्यांच्या उजेडात एकेक पांढरा तुकडा पाण्यावर पडत होता. आपल्या दोन ओळखू येतील असं उगाच वाटलं होतं.

आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वय किती लिहिलंस माझं?"