टेबलावर सुटलेला लेप

300 फेऱ्या पूर्ण करून चाचणीची चकती भट्टीतून बाहेर आली. टर्बाइनच्या पात्यांवर असतो तसाच लेप तिच्यावर होता. खाली निकेलचा मिश्रधातू, त्यावर ॲल्युमिनियमयुक्त बाँड कोट, म्हणजे वरचा थर धरून ठेवणारा धातूचा थर, आणि सगळ्यात वर झिर्कोनियाचा पांढरा सिरॅमिक थर. प्रत्येक फेरीत 1100 अंश सेल्सिअसला एक तास आणि मग दहा मिनिटं बाहेरच्या हवेत. भिंगाखाली कडा तपासली, कुठेही चीर नव्हती. नोंदवहीत ‘पास’ लिहिलं, चकती टेबलावर ठेवली आणि निघालो. बाहेर पाऊस लागला होता.

सकाळी पाहतो तर पांढरा थर अख्खा सुटून शेजारी पडलेला.

‘‘हातातून पडली का गं?’’ मी सोबतच्या मुलीला विचारलं.

‘‘नाही सर, मी हातसुद्धा लावला नाही.’’

मला तिचं म्हणणं पटलं नव्हतं. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तेव्हा पटलं. सिरॅमिक मोडलंच नव्हतं. पापुद्र्याच्या पाठीला ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, जेमतेम 6 मायक्रॉनचा थर चिकटून आला होता आणि खाली धातू लख्ख उघडा. सांधा सुटला होता तो ॲल्युमिना आणि धातू यांच्यामधला.

झिर्कोनिया उष्णता अडवतो, ऑक्सिजन मात्र अडवत नाही. आत पोचलेल्या ऑक्सिजनमुळे बाँड कोटमधल्या ॲल्युमिनियमचा ॲल्युमिना होतो. धातूला पुढच्या गंजापासून वाचवतो तो हाच थर. पण तो दर फेरीला जाड होत जातो, आणि जाडी वाढली की सुटण्याची ओढही वाढते. थंड होताना धातू आकसतो, ॲल्युमिना त्याच्या जवळपास निम्माच. त्यामुळे त्या पातळ थरात 3 ते 4 गिगापास्कल इतका दाब कोंडून राहतो. लेप धगीत जळून जातो असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर तो बहुतेक वेळा थंड होताना सुटतो.

पण ही चकती तर संध्याकाळीच थंड झाली होती. दाब रात्रभर तेवढाच. मग बदललं काय?

तिच्याच जोडीची, तेवढ्याच फेऱ्या झालेली दुसरी चकती बंद डब्यात कोरडी ठेवलेली होती. तिच्या कडेवर पाण्याचा एक थेंब सोडला. दोघंही वाकून बघत होतो. थोड्याच वेळात कडेचा पापुद्रा वर उचलला गेला.

हवेतला ओलावा सांध्यापाशी पोचला की तिथल्या ॲल्युमिनियमशी त्याची प्रक्रिया होते, हायड्रोजन सुटतो आणि पकड ढिली पडते, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं. धातूत दहा लाखांत काही भाग गंधक असलं, तरी ही पकड आधीच कमजोर झालेली असते. या क्षेत्रात याला ‘डेस्कटॉप स्पॉलेशन’ म्हणतात, म्हणजे टेबलावर ठेवल्याठेवल्या लेप सुटणं. मी ते वाचलेलं होतं, तरी बोट आधी माणसाकडे दाखवलं. तिची माफी मागितली.

आता नोंदवहीत दोन रकाने आहेत : चकती बाहेर काढल्याची वेळ आणि 24 तासांनंतरची तपासणी. जुन्या नोंदींना दुसरा रकानाच नाही. त्यांतल्या ‘पास’ झालेल्या चकत्या आम्ही दोघं कपाटातून एकेक काढून पुन्हा बघतो आहोत.