साताऱ्याजवळचा कचऱ्याच्या गॅसवरचा वीजप्रकल्प : बघायला जाणार असाल तर

आधी नगरपालिकेच्या आरोग्य विभागात अर्ज द्या आणि सकाळचीच वेळ मागून घ्या. घंटागाड्या रिकाम्या होताना बघायला मिळालं नाही, तर नुसत्या टाक्या बघून परतावं लागेल. एसटी स्टँडवर रिक्षावाल्याला ‘वीजप्रकल्प’ सांगून उपयोग नाही, ‘कचरा डेपो’ म्हणा.

जुन्या ढिगात पाइप घालून गॅस ओढत असतील, अशी आमच्यातल्या बहुतेकांची समजूत. ऑपरेटर हसला. “ढिगातला गॅस आमच्या हाती कुठं लागतोय? उन्हाळ्यात तिथंच पेटतोय!” खरं आहे. ढिगातून गॅस काढायचा तर खाली अस्तर, वर घट्ट मातीचा थर, मधे भोकांचे पाइप आणि ओढायला ब्लोअर हवा. उघड्या ढिगाला ओढ दिली की हवाच आत शिरते, आणि हवेत मिथेन (या गॅसमधला जळणारा भाग) 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान आला की ठिणगी पुरते.

म्हणून इथं ओला कचरा थेट बंद टाकीत जातो. त्याआधी सरकत्या पट्ट्यावर बायका हातमोजे घालून प्लॅस्टिक, दोरे, नारळाच्या करवंट्या वेचतात. सगळ्यात जास्त वेळ इथं थांबा. इथं निवड ढिली पडली की पुढं पंप तुंबतो. मग कचऱ्याचा लगदा होतो, तो टाकीत हवेविना सडतो आणि निघालेला गॅस मोठ्या फुग्यात साठतो. गॅसला सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. लोखंडाच्या किसातून गाळून तो काढला नाही तर इंजिन आतून खातो. शेवटचं जनरेटरचं शेड बघायला पाच मिनिटं पुरेत. गर्दी मात्र तिथंच होते, फोटोसाठी!

क्षमता किती, हे विचारू नका, ती पाटीवर लिहिलेलीच असते. लॉगबुक मागा : काल किती टन आलं, इंजिन किती तास चाललं, किती युनिट निघाली. एक घनमीटर गॅसमागे साधारण दीड ते दोन युनिट, एवढं लक्षात ठेवलं की हिशेब तिथंच जुळवता येतो. हॉटेलचं उरलंसुरलं आलं की गॅस वाढतो, नुसती मेथी-कोथिंबिरीची देठं आली की बसतो, असं ऑपरेटर सांगत होता. वीज मुख्यतः आवारातले पंप आणि दिवे यांनाच पुरते. मला तरी यात काही कमीपणा वाटला नाही.

बंद बूट घाला, काडेपेटी गाडीतच ठेवा, फुग्याजवळ मोबाइल बंद. पावसाळ्यात शक्यतो जाऊ नका, चिखलात पट्ट्यापर्यंत पोचणंच अवघड होतं. आणि कंदी पेढे परतीच्या वाटेवर घ्या, डेपोत नेलेत तर कुणी खाणार नाही.