अँकर कानाला सापडत नाही

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. त्यामुळे पालक, माजी विद्यार्थी आणि गणपतीला गावी आलेले चाकरमानी एक प्रश्न मला हमखास विचारतात : “बाई, चार अक्षरे दिली की ती ज्यांत आहेत असे इंग्रजी शब्द तुम्हाला पटापट सुचतात तरी कसे? डिक्शनरी पाठ केली आहे का?” डिक्शनरी पाठ नाही; पण तुम्ही विचारलेत म्हणून थोडे सविस्तर सांगते.

आधी नेमके काय हवे आहे ते ठरवून घ्यावे. ‘ई, ए, आर असलेला शब्द’ एवढेच म्हटले, तर त्याचे तीन अर्थ होतात. अक्षरे याच क्रमाने एकमेकांना लागून हवी असतील, तर ‘लर्न’ किंवा ‘पर्ल’ चालेल, क्रम तोच पण मध्ये दुसरी अक्षरे आलेली चालणार असतील, तर ‘एस्कलेटर’ही बसेल, आणि क्रमाचे बंधनच नसेल, तर ‘ब्रेड’पासून ‘फादर’पर्यंत सगळे रान मोकळे. निम्मे वाद हे न ठरवल्यामुळेच होतात.

आता खरी मेख. वर्गात मी फळ्यावर सी, एच, एन, आर अशी चार अक्षरे लिहिते आणि सांगते की क्रम कोणताही चालेल, अधिक अक्षरेही चालतील. मुले पुटपुटू लागतात. ‘ब्रँच’ येतो, त्यामागून ‘क्रंच’, ‘ट्रेंच’, ‘रँच’ येतात आणि गाडी अडते. बारकाईने पाहिले तर हे सगळे शब्द ‘च’ने संपणारे आहेत. बाराखडीवर वाढलेल्या आपल्या मुलांना अक्षर आणि उच्चार वेगळे करण्याची सवय नसते. ‘सीएच’ दिसले की कान ‘च’ ऐकतो आणि शोध त्या एका ध्वनीपुरता उरतो. वर्गातल्या कित्येक घरांतील माणसे होडीवर जातात, नांगर टाकणे-उचलणे हे त्यांचे रोजचे काम, तरीही ‘अँकर’ कोणाच्या तोंडी येत नाही, कारण तिथे ‘सीएच’चा ‘क’ झालेला असतो. ‘मोनार्क’ आणि ‘क्रॉनिक’ त्याच कारणाने निसटतात. ‘मशीनरी’ तर कोणालाच सापडत नाही, कारण तिथे ‘श’ आहे.

म्हणून मी कानाला सुट्टी देते आणि डोळे व हात कामाला लावते. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरे लिहून चौकोन कापले की काम भागते (पावसाळ्यात ते दमट होऊन वळतात, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत). ‘सी’ आणि ‘एच’ शेजारी ठेवून ही जोडी आधी सुरुवातीला न्यावी : ‘चिल्ड्रन’, ‘चेअरमन’. मग मध्ये आणावी : ‘मर्चंट’. ‘चिल्ड्रन’ हा शब्द पाचवीतल्या पोरालाही येतो, पण चौकोन हलवेपर्यंत दहावीतल्यालाही सुचत नाही. त्यानंतर शेपट्या लावून पाहाव्यात. ‘आयएनजी’ लावले की ‘एन’ आयताच मिळतो आणि ‘मार्चिंग’, ‘सर्चिंग’, ‘रीचिंग’ हाती लागतात. ‘ईआर’ लावले की ‘आर’ मिळतो आणि ‘लाँच’चा ‘लाँचर’ होतो. माझे सुचणे म्हणजे बहुतेक एवढेच असते.

दिलेल्या अक्षरांत क्यू, जे, एक्स किंवा झेड असेल, तर मात्र तिथूनच सुरुवात करावी, कारण तशा शब्दांची संख्याच मुळात कमी असते. स्क्रॅबल हा खेळ रचणारे अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतील अक्षरे मोजून कोणते अक्षर किती वेळा येते ते पाहिले होते. त्या खेळाच्या इंग्रजी संचात 100 सोंगट्या असतात. त्यांत ‘ई’च्या 12, तर क्यू आणि झेड यांची प्रत्येकी एकच.

आमच्या गणिताच्या सरांना मात्र माझे चौकोन पोरखेळ वाटतात. त्यांची युक्ती अशी : ‘ए’ला 2, ‘बी’ला 3, ‘सी’ला 5 अशा क्रमाने प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या द्यावी, ‘झेड’च्या वाट्याला 101 येते. सी, ए, बी या अक्षरांचा गुणाकार 30 होतो. पाठ या अर्थाच्या ‘बॅक’मध्ये ‘के’चे 31 वाढतात आणि गुणाकार 930 होतो. त्याला 30 ने निःशेष भाग जातो, म्हणजे तिन्ही अक्षरे त्या शब्दात आहेत. गुणाकारात क्रमाला महत्त्व नसल्यामुळे अक्षरांची उलटापालट आपोआप मिटते आणि एखादे अक्षर दोनदा हवे असले तरी हिशेब चुकत नाही. युक्ती देखणी आहे, यात शंका नाही. पण ती हाती असलेला शब्द तपासते, नवा सुचवत नाही. लाखभर शब्दांची यादी पुढ्यात असलेल्या संगणकाला ती शोभते.

राहता राहिला मोबाइल. गणपतीत रात्र जागवताना हा खेळ रंगतो तेव्हा कोणीतरी हळूच अ‍ॅप उघडतोच, आणि ते अ‍ॅप ‘अँकर’च्याच सहा अक्षरांतून ‘आर्कॉन’ काढून देते. शब्द खरा आहे. प्राचीन अथेन्समधील शासनाधिकाऱ्याला तसे म्हणत. पण आमच्या पडवीत नियम असा आहे की शब्द टाकणाऱ्याने मोबाइल पालथा ठेवून त्याचा अर्थ सांगायचा. सांगता आला तर गुण, नाहीतर पुढच्या चहाची भांडी त्याने विसळायची.